आईच्या गुडघ्यांसाठी

रुखमाबाईच्या गुडघ्यांचं त्या घरात दसऱ्यापासून जेवढं नाव निघालं, तेवढं खुद्द रुखमाबाईचं चाळीस वर्षांच्या संसारात निघालं नसेल. खामगावच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो उजेडाकडं धरून सांगितलं होतं, मोटारसायकलवर बसायचं नाही, एसटीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, खाली मांडी घालायची नाही. झालं. दसऱ्याच्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर सोनं वाटता वाटता तिच्या नवऱ्यानं, भगवानरावानं, साऱ्या भावकीसमोर जाहीर करून टाकलं, "औंदा चारचाकी घेतो बा. गोकुळच्या मायच्या गुडघ्यांसाठी." लोकांनी वाहवा केली. बायकोसाठी गाडी घेणारा माणूस गावात दुसरा होता कोण! त्या दिवशी भगवानराव दोन भाकरी जास्त जेवला, आणि त्या भाकरी त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून रुखमाबाईनं थापल्या होत्या.

आता कुणालाही वाटेल, गाडी येणार म्हणजे बाईची सोय झाली. सोय कसली, होती तीसुद्धा गेली. दसऱ्याच्या आधी ती महिन्यातून एकदा नांदुऱ्याहून रिक्षा बोलवायची आणि हादरे खात खात जळगाव जामोदला आपल्या बहिणीकडं, जनकाबाईकडं, जाऊन यायची. रिक्षा बसकी, चढायचा त्रास नाही. पण गाडीची घोषणा झाली आणि रिक्षा बंद. "गाडी घेतो म्हनून गावभर सांगतलं, अन् आता बायकोले रिक्षात पाठवू? जळगाववाले काय म्हनतीन? बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात!" असं भगवानरावाचं म्हणणं. "आठ दिवस थांब. आपल्या गाडीतच जाजो." हे आठ दिवस दिवाळीआधी सुरू झाले, ते माघ सरत आला तरी संपले नव्हते.

आणि जनकाबाईनं नेमकं दिवाळीतच अंथरूण धरलं. ही जनकाबाई म्हणजे नुसती मोठी बहीण नव्हे. आई गेली तेव्हा रुखमाबाई चार वर्षांची होती आणि जनकाबाई तेरा. धाकटीला कडेवर घेऊन निंदायला जाणारी, तिच्या डोक्यातल्या उवा काढणारी, आणि स्वतःच्या लग्नात "आता रुखमीले जेवू कोन घालीन" म्हणून मांडवात हंबरडा फोडणारी ही बाई. दिवाळीपासून तिचा रोज दुपारी फोन यायचा. आवाज बारीक झाला होता, पण प्रश्न एकच, "रुखमे, कवा येतं व?" रुखमाबाईचं उत्तरही एकच, "येतो व अक्का, गाडी आली की येतोच."

तीन आठवड्यांपूर्वी ते फोन बंद पडले. रुखमाबाईनं लावला तर कधी लागायचा नाही, कधी जनकाबाईची सून छाया उचलायची आणि "झोपल्या हायेत, मावशी" म्हणून ठेवून द्यायची. तिचा लेक गोकुळ म्हणाला, "फोन बिघडला असन." रुखमाबाईला मात्र पक्कं ठाऊक होतं, अक्का रुसली. रुसायला झालंच होतं तसं. चार महिने मरणाच्या खाटेवरून बोलावते आहे आणि धाकटी काही येत नाही. लहानपणीसुद्धा अक्का रुसली की बोलायची बंद व्हायची, आणि समोर जाऊन तिच्या मांडीवर डोकं टाकल्याशिवाय तो रुसवा निघायचा नाही. रुखमाबाईला गाडीतून काही काशीला जायचं नव्हतं. तिला एवढंच करायचं होतं, अक्का आहे तोवर.

मग गाडी अडली कुठं? तर बाजारात तुरी आणि यांची घरात मारामारी. पहिल्या दिवशी ठरली होती ती छोटी गाडी. ऐपतीतली, चौघांना पुरणारी, गल्लीत वळणारी. पण गोकुळला मोबाइलवर मोठमोठ्या गाड्या पाहायचा नाद. छोटी म्हटली की याचं तोंड कडू. "आईच्या गुडघ्याले मोठीच बरी," तो म्हणायचा, "हादरे लागत नाही." त्यात भगवानरावाचा चुलतभाऊ महादेवराव. स्वतः आयुष्यात बैलजोडीपलीकडं काही घेतलं नाही, पण गावातल्या एकूणएक खरेदीत याचं तोंड आधी. तो म्हणायचा, "वहिनीच्या गुडघ्याले सात सीटांची पायजे. पाय लांब कराले होते. अन् लग्नसराईत भावकीच्याही कामी येते." लोक दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतात, या लोकांनी ती रुखमाबाईच्या गुडघ्यांवर ठेवली होती. एकदा तिनं मध्येच म्हणून पाहिलं, "उंच गाडीत मले चढता येत नाही." त्यावर गोकुळ म्हणाला, "पायरी लावून घेऊ न, आई." डॉक्टरनं पायऱ्या बंद केल्या म्हणून गाडी, आणि त्या गाडीला हा पायरी लावणार!

गंमत पुढंच आहे. बाईच्या नावानं कर्ज काढलं तर व्याज थोडं कमी लागतं असं कुणीतरी सांगितल्यामुळं सारे कागद रुखमाबाईच्या नावानं केले होते. आधार कार्ड तिचं, फोटो तिचा, सह्याही तिच्याच लागणार होत्या. म्हणजे गुडघे तिचे, सही तिची, आणि गाडी कोणती ते ठरवणार हे तिघं.

शेवटी एका रविवारी दुपारी छोटी गाडी दारात आली. विकत नव्हे, नुसती चालवून पाहायला. शोरूमचा अश्वजित नावाचा इस्त्रीच्या शर्टातला माणूस ती घेऊन आला होता. पांढरी गाडी, दोन्ही बाजूंना कंपनीची जाहिरात चिकटवलेली. गोकुळनं पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "मोठी काऊन नाही आनली?"

"मोठी अकोल्याकडं गेली आहे, दादा," अश्वजित म्हणाला. "वहिनींचा फोन आला होता छोटीसाठी. म्हटलं, ही तर दाखवून देऊ."

गोकुळनं बायकोकडं, सुचिताकडं, असं पाहिलं की दुसरी असती तर आत पळाली असती. सुचितानं मान वर केली नाही, पण ती जागची हललीही नाही.

रुखमाबाई तेव्हा ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. जांभळ्या काठाचं ठेवणीतलं पातळ नेसून, केस विंचरून, काठी हातात घेऊन. गाडी पाहताक्षणी तिला आवडली. सीट अगदी घरातल्या खुर्चीच्या उंचीचं. ना चढायला लागणार, ना वाकायला. तिच्या मनात आलं, चालवूनच पाहायची तर जळगावपर्यंत पाहता येईल. आज अक्का भेटेल.

पण आधी पूजा. "दारात आली तं ओवाळल्याशिवाय कशी चालवता?" भगवानराव म्हणाला. अश्वजित बिचारा हात जोडून सांगत होता, "काका, ही ट्रायलची गाडी आहे, रोज दहा दारांत जाते." कोण ऐकतो! सुचितानं ताट आणलं, महादेवरावाच्या बायकोनं, कोकिळानं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. नारळही फोडणार होते, अश्वजितनं पाया पडून तेवढा थांबवला.

मग फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीत गोकुळ चालवायला, भगवानराव पुढं, मागं महादेवराव आणि भावकीतले दोघं. ते शेताकडं जाऊन हरभरा पाहून आले. रुखमाबाई खुर्चीवरून उठली. ओट्याला तीन पायऱ्या होत्या, आणि एकेक पायरी उतरायला तिला काठी, भिंत आणि देवाचं नाव तिन्ही लागायचं. ती तिसरीवर पोचली तोवर गाडीत कोकिळा आणि गल्लीतल्या चार बायका बसून महादेवाच्या देवळाकडं निघूनही गेल्या. ती परत वर चढली. गाडी आली, ती पुन्हा उतरली, तर आता गल्लीतली पोरं कोंबलेली. तीनदा ती उतरली, तीनदा चढली. चौथ्या फेरीला कुणीतरी गाडी गिरणीकडं नेली आणि येताना ज्वारीचं दळण घालून आणलं. होय, दळण. पिठाचा डबा मागच्या सीटवर ऐटीत बसून आला. अश्वजित पेट्रोलच्या काट्याकडं पाहत होता आणि रुखमाबाई पिठाच्या डब्याकडं.

सगळ्यांची हौस फिटल्यावर बैठक बसली. म्हणजे पुरुष गाडीभोवती उभे राहिले. महादेवरावानं टपावर टिचक्या मारल्या, टरबूज घेताना मारतात तशा. "पत्रा पातळ हाये," तो म्हणाला. "अन् याच्यात नवरदेव बसन, पन नवरदेवाचा बाप मांगून पायी यीन." सारे खो खो हसले. भगवानरावही हसला. गाडी त्याला मनातून पटली होती, हे रुखमाबाईला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. चाळीस वर्षं पाहत होती ती तो चेहरा. पण चार माणसं हसली की या माणसाचं मत त्या चार माणसांच्या खिशात जायचं.

"मंग मोठीच पाहू," तो म्हणाला. "पाडव्याले घेऊ. इतके दिवस थांबलो, अजून महिनाभर काय होते?"

"हाव न," गोकुळ लगेच म्हणाला. "आईच्या गुडघ्याचा प्रश्न हाये. घाई नाही करायची."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. रुखमाबाईची आग आधी गुडघ्यांत येऊन थांबली, तिथं चार महिन्यांचं सरपण रचलेलंच होतं, आणि मग ती वर गेली. तिनं काठी ओट्याच्या फरशीवर इतक्या जोरानं आपटली की अश्वजितच्या हातातली किल्ली खाली पडली.

"कोनाच्या गुडघ्यांसाठी घेऊन राह्यले तुम्ही गाडी?" ती ओरडली. "आँ? बोला न! दुपारपासून गाव बसलं त्या गाडीत. गावचं दळन बसलं! मी बसली काय?"

भगवानराव ओशाळं हसला. "अवं, तू तं घरचीच हायेस. तुले काय घाई?"

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

"मले काय घाई?" तिचा आवाज चिरका झाला. "माही बहीन दिवाळीपासून खाटीवर हाये. मी रिक्षात जात होती, ते तुम्ही बंद केलं. तुमचं नाक कापलं जाते म्हनून! चार महिने तुमचं नाक सांभाळून राह्यलो मी ह्या ओट्यावर. मोटारसायकलवर बसू नको, एसटीत चढू नको, रिक्षात दिसू नको. मंग मी जाऊ कशात? तिरडीवर?"

"आई, मावशीचं नंतर पाहू," गोकुळ घाईनं म्हणाला. "लोकं हायेत."

"लोकं हायेत म्हनूनच बोलतो! घरात बोलली तं कोन आयकते?"

ती पायऱ्या उतरायला लागली. या वेळी कुणी गाडीत बसायला पुढं झालं नाही. सगळे बाजूला सरले. तिनं पुढचं दार उघडलं, पाठ सीटकडं केली, बसली, आणि हातानं उचलून आधी डावा पाय आत घेतला, मग उजवा. गुडघे हूं की चूं करेनात. चार महिने ज्या गोष्टीसाठी साऱ्या गावानं अक्कल पाजळली, ती गोष्ट एवढ्यात झाली होती. ते जाणवलं आणि तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

"तू मांगं बस," भगवानराव खिडकीशी येऊन हळूच म्हणाला. "पुढं बरं नाही दिसत."

तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "चाल रे बाबू," ती अश्वजितला म्हणाली.

"कुठं, मावशी?"

"जळगाव जामोदले."

"मावशी, ट्रायल पाच किलोमीटरची असते हो..."

"ट्रायल गावानं घेतली. मी गाडी घेतली. कागद कोनाच्या नावानं हायेत, सांग बरं ह्यायले."

अश्वजितनं बापलेकाकडं पाहिलं. "तुमच्याच नावानं, मावशी."

"मंग? मोठ्या गाडीवर मी सही करत नाही. मेली तं अंगठा धरून उमटवून घ्या. चाल."

शोरूमच्या माणसाला गिऱ्हाईक ओळखता येतं. तो निमूट चाकावर बसला. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि सुचिता आत आली. "सुचिता, तू कुठं चालली? उतर!" गोकुळ ओरडला. तिनं दार लावून घेतलं. आधीच चिरडलेल्या लिंबांवरून गाडी निघाली.

नांदुऱ्याचं फाटक ओलांडून गाडी जळगावच्या रस्त्याला लागली तरी रुखमाबाईचं डोकं तापलेलंच होतं. खिडकीतून वारा येत होता, दोन्ही बाजूंना गहू उभा होता, आणि ती मनातल्या मनात एकेकाला झोडपत होती. महादेवरावाला म्हणत होती, तुझ्या बापानं पाह्यली होती काय सात सीटांची? गोकुळला म्हणत होती, नऊ महिने पोटात वागवला तेव्हा मी कुणाला विचारलं नाही, छोटा घेऊ की मोठा. नवऱ्याला जे म्हणत होती ते लिहिण्यासारखं नाही. सुचिताचा फोन वाजला, तिनं कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तिनं तो बंदच करून टाकला.

येरळीच्या पुलावर गाडी आली. खाली पूर्णेचं पाणी आटून काठाला पांढरं मीठ फुटलं होतं, समोर सातपुडा दिसत होता. रुखमाबाई जरा निवली. बहिणीला काय म्हणायचं ते ती जुळवायला लागली. आधी शिव्या खायच्या. मग म्हणायचं, अक्का, रुसली काय व? आणि मांडीवर डोकं टाकायचं. खाली बसता येत नाही, तर खाटेवरच शेजारी बसून टाकायचं.

"आई," मागून सुचिता म्हणाली. "ह्या गाडीसाठी मीच फोन केला होता. गोकुळले न सांगता."

"समजलं मले. बरं केलं, पोरी."

"तुमाले लवकर जाता यावं म्हनून."

रुखमाबाईनं मागं वळून पाहिलं. सुचिता खिडकीबाहेर बघत पदरानं डोळे पुसत होती. नवऱ्याच्या धाकानं रडते आहे असं रुखमाबाईला वाटलं आणि लेकाच्या नावानं तिनं आणखी दोन शिव्या मनात जमा केल्या.

जनकाबाईचं घर जळगावात बाजाराच्या मागल्या गल्लीत. रस्ता अरुंद, पण छोटी गाडी नीट दारापर्यंत गेली. रुखमाबाई उतरली तशी छाया बाहेर आली आणि तिला पाहून दारातच थबकली.

"मावशी? तुम्ही? तुमाले तं डाक्टरनं प्रवास बंद केला न?"

"कोन म्हने?"

छायानं सुचिताकडं पाहिलं. सुचितानं मान खाली घातली. रुखमाबाईला उत्तर ऐकायला सवड नव्हती. ती काठी टेकत आत गेली.

दाराच्या अगदी समोर खाट होती. जनकाबाई उशांना टेकून, दाराकडं तोंड करून बसली होती. निम्मी राहिली होती. पण कुंकू ठसठशीत लावलेलं, पातळ धुतलेलं, जणू कुठं तरी जायचं किंवा कुणी तरी यायचं. रुखमाबाई तिच्याजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि जुळवून आणलेलं सारं विसरली.

"अक्का," एवढंच ती म्हणाली.

जनकाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. पाहुण्या बाईकडं पाहावं तसं, अदबीनं. "बस व बाई," ती म्हणाली. "छाया, पानी आन ह्यायले. माही रुखमी यीन आता. तिची वाट पाहून राह्यलो."

रुखमाबाईला कळेना, रुसवा आहे की काय आहे. "अक्का, मीच रुखमी हावो न व."

"नाही वं." जनकाबाई हसली. "रुखमी गाडीत यीन."

छायानं रुखमाबाईच्या पाठीवर हात ठेवला. "तीन हप्ते झाले, मावशी. एके दिवशी सकाळी उठल्या, अन् कोनालेच वळखत नाही. डाक्टर म्हने, डोक्यात रक्ताची गाठ झाली. त्याच्या आदल्या दिवसापावतर चांगल्या बोलत होत्या. तुमचंच इचारत होत्या."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"गोकुळभाऊले त्याच दिवशी सांगतलं न! ते म्हने, डाक्टरनं सध्या प्रवास बंद केला, आईले सांगू नका, आईच्या गुडघ्याले तान होते. गाडी आली की मीच घेऊन येतो, तोवर झोपल्या म्हनून सांगा."

म्हणजे तीन आठवडे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून आज हसत होते, टपावर टिचक्या मारत होते, पाडवा म्हणत होते. समोर सुचिता तोंडाला पदर लावून उभी होती. तिच्यावर राग काढावा एवढं बळ रुखमाबाईपाशी उरलं नव्हतं. एक गोष्ट मात्र तिला अजून करून पाहायची होती.

"गाडीतच आली न, अक्का," ती म्हणाली. "चाल, दाखवतो. दारात उभी हाये."

छाया आणि सुचितानं दोन्हीकडून धरून जनकाबाईला सरळ बसवलं. अश्वजितनं दारातून अंग चोरलं. उन्हात पांढरी गाडी उभी होती, बोनेटवर कुंकू. जनकाबाईनं डोळ्यांवर हात धरून ती बराच वेळ पाहिली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, आणि रुखमाबाई पुढं झुकली.

"ही लहान हाये," जनकाबाई म्हणाली. "भगवानराव सांगत होते फोनवर, रुखमीची मोठी गाडी येऊन राह्यली. सात मानसं बसतात म्हने." मग या परक्या बाईला वाईट वाटू नये म्हणून तिनं रुखमाबाईच्या हातावर थोपटलं. "तुही बी चांगली हाये व. थांबजो घडीभर. रुखमी आली की तिची गाडी पाहून जाजो."

सुचिताला हुंदका फुटला. ती बाहेर गेली आणि थोड्या वेळानं चालू केलेला फोन घेऊन परत आली. "मामंजी हायेत," ती म्हणाली.

रुखमाबाईनं फोन कानाला लावला. भगवानरावाचा आवाज मऊ झाला होता. चार माणसं घरोघर गेली की त्याचा आवाज असाच मऊ व्हायचा. "पोचली काय? गुडघ्याले त्रास नाही न झाला? मी काय म्हनतो, हीच गाडी घेऊन टाकू. महादेव काहीही बोलते. मी उद्याच पैसे भरतो. तू म्हनशीन तसं."

"तुमाले मालूम होतं काय?"

"काय?"

"अक्काचं. मालूम होतं काय, इतकंच सांगा."

"गोकुळ म्हने, तुले तरास होईन म्हनून..."

"मोठी घ्या," रुखमाबाई म्हणाली.

"आँ?"

"मोठीच घ्या. सात सीटांची. सही करतो मी, पायजे तितक्या करतो. महादेवराव, गोकुळ, पूरी भावकी भरा तिच्यात अन् अठी जळगावले आना. आजच आना. अक्का त्याच गाडीची वाट पाहून राह्यली. लहान गाडीतली रुखमी तिले वळखू येत नाही."

"आज? आज कशी यीन, रुखमा?"

चाळीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली होती. तिला ती ऐकू आली, आणि काहीएक वाटलं नाही.

"मंग चार महिने येते येते म्हनून तिले काय सांगत होते तुम्ही?" ती म्हणाली आणि फोन सुचिताच्या हातात दिला.

अश्वजित दारात घुटमळत होता. संध्याकाळच्या आत गाडी शोरूमला पोचवायची होती. "मावशी, निघायचं का?" त्यानं विचारलं. रुखमाबाईनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं सुचिताकडं पाहिलं, मग रुखमाबाईला वाकून नमस्कार केला आणि गाडी घेऊन गेला.

दार उघडंच राहिलं. "कोन होतं व?" जनकाबाईनं विचारलं.

"कोनी नाही," रुखमाबाई म्हणाली. "रुखमी अजून निघाली नाही म्हने."

"यीन, यीन," जनकाबाई म्हणाली. "ती येतोच म्हने." रुखमाबाईनं तिच्या पाठीशी उशी नीट लावली, आणि दोघी दाराकडं तोंड करून बसल्या.